इंग्रजी शब्द पाठ होतात, पण बोलताना आठवत नाहीत. काय करावं?

सुटे शब्द पाठ करणं थांबवा. प्रत्येक नवा शब्द त्याच्यासोबत नेहमी येणाऱ्या जोडीदार शब्दासकट छोट्या वाक्यात शिका आणि दिवसाला ८-१० च्या पुढे जाऊ नका. वाचताना शब्द ओळखणं आणि तोच बोलताना ओठांवर येणं ही दोन वेगळी कामं आहेत. यादी घोकून फक्त पहिलं जमतं. शिवाय मराठीवरून जोड्या जुळवल्या की हमखास घोटाळा होतो. आपण चूकही 'करतो' आणि गृहपाठही 'करतो', पण इंग्रजीत चुकीला 'मेक' लागतं, गृहपाठाला 'डू'. वहीत नुसतं 'मिस्टेक' लिहिलंत तर हे कळणारच नाही. 'आय मेड अ मिस्टेक' असं अख्खं लिहा.

अशा प्रत्येक वाक्याचं एक कार्ड बनवा. एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. मराठी वाचून इंग्रजी मोठ्यानं म्हणा, मगच कार्ड उलटं करा. आधी डोकावलात तर सराव फुकट जातो. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि साधारण विसाव्या दिवशी. अडलेलं कार्ड पुन्हा सुरुवातीपासून. पहिली उजळणी अजिबात चुकवू नका, कारण विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

मात्र एवढी मेहनत रोजच्या वापरातल्या शब्दांसाठीच घ्या. फक्त वाचनात किंवा परीक्षेत भेटणारे अवघड शब्द ओळखता आले तरी पुरे. त्यांच्यासाठी इंग्रजीवरून मराठी अर्थ आठवणारी साधी कार्डं चालतात.