चार्टर डबा: तो रात्री कुठे उभा राहणार, हे आधी ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न असा आहे: भटकंतीची आवड असलेले ११० जण, चार दिवस, मुंबई ते मडगाव आणि परत, दिवसा रमतगमत प्रवास, रात्री गाडीतच मुक्काम. पूर्ण गाडी घ्यावी की डबे, एसीच घ्यावेत ना, आणि ऑगस्टात निघालो तर चालेल ना. बाकी सगळं ठीक आहे, पण 'रात्री गाडीतच मुक्काम' वाचलं आणि थांबले. आमच्या गटाचा सगळ्यात जास्त पैसा याच वाक्यात गेला, म्हणून उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

नोंदणी कशी करायची, कुठली कागदपत्रं लागतात, ते सोडून देते. आयआरसीटीसीच्या एफटीआर (फुल टॅरिफ रेट, म्हणजे पूर्ण भाडं भरून अख्खा डबा किंवा गाडी आरक्षित करण्याच्या) विभागात सगळं लिहिलेलं आहे. (मी रेल्वेची कर्मचारी नाही. आकडे आणि नियम बदलतात, पैसे भरायच्या दिवशी तिथले नियम पुन्हा वाचा.)

पूर्ण गाडीचा विचार सोडा. पूर्ण गाडी म्हणजे किमान १८ डब्यांचा हिशेब, अनामत ९ लाख. डबे कमी घेतले तरी अनामत तेवढीच. ११० माणसांसाठी ते कशाला? डबे घेतले तर अनामत डब्यामागे ५० हजार, आणि ते चालू गाडीला जोडून नेतात. भाडं माणसांवर नाही, डब्याच्या पूर्ण क्षमतेवर लागतं, हे गटातल्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका. एलएचबी, म्हणजे आताच्या नव्या पद्धतीच्या, थ्री टियर डब्यात ७२ बर्थ, टू टियरमध्ये ५२. दोन थ्री टियर घेतले तर १४४ होतात, म्हणजे ३४ रिकाम्या बर्थचे पैसे ११० जणांच्या डोक्यावर. दोन टू टियर घेतले तर १०४, सहा जण उभे. एक थ्री आणि एक टू घेतला तर १२४, वरचे १४ बर्थ सामानाला आणि एखाद्या आजारी माणसाला आडवं व्हायला कामी येतात. माझं मत विचाराल तर हेच घ्या. आणि अर्ज प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी चालतो म्हणून तिसाव्या दिवसापर्यंत थांबू नका. खिडकी सहा महिने आधी उघडते, तेव्हाच भरा.

आता मूळ मुद्दा. 'एसी डबा यार्डात उभा राहील, आम्ही आत झोपू' हे ऐकायला सोपं आहे, पण त्या डब्याला वीज कुठून येते ते कुणी विचारत नाही.

जुन्या निळ्या आयसीएफ डब्याच्या खाली अल्टरनेटर असायचा. चाक फिरलं की वीज तयार व्हायची आणि बॅटरी भरायची, म्हणजे डबा आपल्यापुरता स्वयंपूर्ण. आयसीएफ पद्धतीचे डबे बनवणं २०१८ मध्ये थांबलं आणि लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या आता एलएचबी आहेत. दोन्हींची जोडणी वेगळी असल्यामुळे एलएचबी गाडीला तुम्हाला सहसा एलएचबी डबाच मिळणार. एलएचबी डबा बहुधा स्वतः वीज बनवत नाही. गाडीच्या टोकाला असलेल्या पॉवर कारमधून, किंवा आता बऱ्याच गाड्यांत थेट इंजिनातून, ७५० व्होल्ट थ्री फेजची वीज जाड केबलनं डब्याडब्यातून पुढे जाते. तुमचे दोन डबे त्या गाडीपासून सोडवले की ती केबल सुटते. त्या क्षणी एसी बंद, पंखे बंद, काही वेळ आणीबाणीचे मिणमिणते दिवे, आणि मग तेही नाहीत. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. आत सत्तर माणसं, बाहेर कोकणातली दमट रात्र. अर्ध्या तासात काचा आतून ओल्या होतात आणि लहान मुलं रडायला लागतात.

यावर सगळे म्हणतात, 'पण स्टेशनवर चार्जिंग पॉइंट आहे असं सांगितलं होतं.' आम्हालाही सांगितलं होतं. एका कार्यालयात 'तिथे चार्जिंग आहे का' असं तोंडी विचारलं, 'आहे' असं उत्तर मिळालं, आणि त्या एका 'आहे'वर चार दिवसांचा कार्यक्रम बांधला गेला. चार्जिंग पॉइंट होताच. पण तो ११० व्होल्टचा, जुन्या डब्यांच्या बॅटऱ्या भरण्यासाठी. त्यावर एलएचबी डब्याचा एसी चालत नाही. उत्तर देणाऱ्यानं खोटं सांगितलं नाही, प्रश्नच चुकीचा होता. पण लेखी विचारल्यावर त्याच कार्यालयाकडून तीन आठवडे काही कळलं नाही, आणि शेवटी एका ओळीत 'परिचालनाच्या दृष्टीनं शक्य नाही' एवढंच आलं. काय शक्य नाही आणि का, काही नाही. ऐन वेळी हॉटेल शोधावं लागलं आणि त्या एका रात्रीचा खर्च डब्याच्या अनामतीपेक्षा जास्त झाला. लोक पैसे भरतात, सुट्ट्या काढतात, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येतात. त्यांना किमान कारण तरी कळायला हवं. याचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे इथे माझा सूर कडक लागला तर समजून घ्या.

म्हणून प्रश्न असा विचारा, आणि लेखीच विचारा: अमुक स्टेशनवर डबे कोणत्या लाइनवर उभे राहतील? त्या लाइनला ७५० व्होल्ट थ्री फेजची वीज आहे का? एका वेळी किती डब्यांना पुरते? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत मिळेल? केबल जोडायला विद्युत विभागाचा माणूस कोण येणार? त्याच लाइनला पाण्याचे हायड्रंट (डब्यात पाणी भरायचे नळ) आहेत का? उत्तरात 'सोय उपलब्ध आहे' एवढंच आलं तर तो नकार समजा आणि पुन्हा विचारा. पत्राच्या पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या.

पाण्याचंही तसंच. एलएचबी डब्याच्या टाक्यांत साधारण दीड हजार लिटरच्या आसपास पाणी असतं. दिवसभर डब्यातच राहणारा माणूस तोंड धुणं, शौचालय, हात धुणं मिळून वीस लिटर सहज वापरतो. ७२ माणसं म्हणजे १,४४० लिटर, सकाळची टाकी रात्रीपर्यंत संपली. म्हणून दिवसातून दोनदा पाणी भरून घ्यायचं, सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी डबे लागल्यावर. 'भरलं' या शब्दावर विसंबू नका. गटातला एक माणूस खाली उभा करा. डब्याच्या बाजूच्या तोंडाला पाइप लावला की काही मिनिटांनी ओव्हरफ्लोच्या नळीतून धार पडायला लागते. ती पडली की टाकी भरली. धार पडण्याआधी पाइप काढला तर टाकी अर्धीच आहे आणि दुपारी तीनला नळ कोरडा पडणार. बायोटॉयलेटमध्ये बाटली, पॅड, डायपर, गुटख्याची पाकिटं काही टाकायचं नाही हे पहिल्या दिवशीच बजावा. एक तुंबलं की चार शौचालयांचा भार तिघांवर पडतो, आणि वाटेत ते मोकळं करून मिळेल अशी आशा धरू नका.

छोट्या, सुंदर स्टेशनांवर थांबायची इच्छा समजते, पण डबा म्हणजे बस नव्हे. जोडणं किंवा सोडणं तिथेच होतं जिथे त्या गाडीचा थांबा किमान दहा मिनिटांचा असतो, शिवाय शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, इंजिन आणि माणसं हवीत, डबे बाजूला ठेवायला मोकळी लाइन हवी. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी आहे. रोहा-वीरसारखे थोडे टप्पे सोडले तर स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर (लूप लाइनवर) समोरच्या गाडीला वाट द्यायला सतत गाड्या येत-जात असतात, तिथे तुमचे डबे रात्रभर कोण ठेवणार? ज्या स्टेशनांवर नियमित गाड्या संपतात तिथूनच विचारायला सुरुवात करा: रत्नागिरी, सावंतवाडी रोड, मडगाव. सोय असेलच असं नाही, पण असण्याची शक्यता तिथेच. आणि डबे उभे राहतात त्या वेळेचे पैसे लागतात, रिकामे डबे आणायचे-न्यायचे असतील तर त्या धावेचेही लागतात. रमतगमत प्रवासात बिल फुगतं ते इथे. भाड्याचा अंदाज काढून 'परवडतं' म्हणणारे नेमके हे दोन रकाने विसरतात.

त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला असा (पटला नाही तर सोडून द्या): डबे दिवसाच्या प्रवासाला घ्या, रात्री हॉटेलात काढा. जाताना दिवसा धावणाऱ्या गाडीला डबे लावून घ्या, मांडवी एक्सप्रेस त्यातली एक. पण डबे जिथे सोडवायचे तिथला तिचा थांबा दहा मिनिटांचा आहे का, हे चालू वेळापत्रकात आधी बघा. नसेल तर थेट मडगाव. वाटेत एकच मुक्काम ठेवा, दोन नकोत. छोटी स्टेशनं बघायची तर त्या मुक्कामावरून साध्या पॅसेंजरनं जाऊन या, ती तुमच्या डब्यापेक्षा जास्त ठिकाणी थांबते. उभ्या डब्यात सामान ठेवणार असाल तर पहाऱ्याला आपलीच माणसं आळीपाळीनं ठेवा, रेल्वे तुमच्या बॅगांवर लक्ष ठेवायला माणूस देत नाही. आणि दिवसभर उन्हात उभा राहिलेला एसी डबा आत तापलेला असतो, म्हणून निघण्याच्या तासभर आधी वीज मिळेल का हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

ऑगस्टबद्दल: टाळा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, मुसळधार पाऊस आणि समोरचं धड दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत वेग उतरवायच्या सूचना असतात. ते सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे, पण तुमची जोडणी चुकली तर डबे कुठेतरी अडकून पडतात. त्यावर गणपतीच्या जादा गाड्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि विसर्जनापर्यंतचा काळ या मार्गावर रिकामी लाइन मागणंच चुकीचं आहे, तेव्हा घरी जाणाऱ्या माणसांचा हक्क पहिला. गणपती झाल्यावर दिवाळीच्या आधी जा. डोंगर तेव्हाही हिरवेच असतात.

स्वयंपाकाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण इतक्या मोठ्या गटात कुणीतरी 'चहापुरता छोटा सिलिंडर' म्हणतंच. त्याला तिथेच थांबवा. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या अशाच खासगी आरक्षित डब्याला आग लागली आणि नऊ माणसं गेली. आत गॅस सिलिंडर नेला होता. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली अशा वस्तू नेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेपेक्षा हे लक्षात ठेवा की उभ्या डब्यात दारं आतून लावलेली असतात, एसीच्या खिडक्या बंद असतात आणि वाटेत सामान रचलेलं असतं. इंडक्शन आणि किटलीही नको, बर्थजवळचे सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरते असतात. जेवण मोठ्या स्टेशनवर आधी मागवून डब्यात घ्या. चढण्याआधी प्रत्येकाची बॅग गटातल्याच दोघांनी उघडून बघावी, कुणाला राग आला तरी चालेल.

फोटो काढणारे बरेच असतील असं धरून चालते. एसीची काच दुहेरी आणि रंगीत असते, त्यातून काढलेल्या फोटोत आतला दिवा आणि स्वतःचा चेहराच उमटतो. फोटोसाठीच जायचं असेल तर टू टियरऐवजी दुसरा डबा स्लीपर घ्या, ८० बर्थ मिळतात, खिडकी उघडते, आणि वीज गेली तरी निदान वारा येतो. समुद्राची फार अपेक्षा ठेवू नका, महाराष्ट्रातला बराच मार्ग आतून जातो. बघायच्या त्या नद्या, दऱ्या आणि पूल. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, तो आला हे कळायच्या आत निघून जातो, म्हणून कॅमेरा हातात ठेवूनच बसा. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तो येण्याआधी दारातल्या सगळ्यांना आत बोलवा आणि दार लावून घ्या.

आता पैसे गोळा करण्याचं. दोन डब्यांची अनामत १ लाख, म्हणजे माणशी ९०० रुपयांच्या थोडं वर. ती भाड्याच्या वर्गणीत मिसळू नका, वेगळी घ्या, वेगळी लिहून ठेवा. परत येते ती नोंदणी करणाऱ्याच्या खात्यात, वजावट होऊन आणि उशिरानं. तोपर्यंत ११० जण त्या एका माणसाला रोज विचारत असतात. कुठला रकाना कशासाठी कापला याचा तपशील रेल्वेकडून मागून घ्या आणि तो तसाच गटात टाका. थांब्यांची यादी झाली की इथे लिहा, पत्राचा मसुदा बघून देईन.