बेळगाव भागात आमदाराची प्रेस सांभाळणारा माणूस पुढे स्वतः आमदार होऊ शकतो का? कन्नड किती लागतं?

विधानसभेवर जवळपास अशक्य. विधान परिषदेवर थोडी आशा. हेच काम मी केलंय म्हणून लिहितोय.

लोक लगेच अभिमन्यू पवारांचं नाव घेतात. फडणवीसांचे स्वीय सहायक, २०१९ ला औशातून आमदार, २०२४ ला पुन्हा. दिलीप वळसे पाटीलही शरद पवारांचे पीए होते, १९९० ला आंबेगावातून निवडून आले. पण ही मंडळी प्रेसची नव्हेत. पीएकडे लोक कामं घेऊन येतात आणि काम झालं की पीएचं नाव लक्षात ठेवतात. प्रेसवाल्याच्या नावावर काय जमा होतं? कात्रणं, आणि त्यावर फोटो साहेबांचा.

आमच्या साहेबांचं खानापूर तालुक्यात एका गावात भाषण झालं. आधी रस्त्याच्या निधीबद्दल सरकारचे आभार मानले, मग मराठीत परिपत्रकं मिळालीच पाहिजेत म्हणून ठणकावलं. मी दोन प्रेसनोट काढल्या. मराठी पेपरांना परिपत्रकं वर, कन्नड पेपरांना रस्ता वर. बेळगावात हे असंच चालतं आणि यात लबाडी काही नाही, दोन्ही वाक्यं साहेबांचीच. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी लावून व्हॉट्सॲपवर फिरवली. बंगल्यावर सगळ्या कार्यकर्त्यांसमोर साहेब म्हणाले, "मी असलं बोललोच नाही, ह्या पोरानं घातलंय." भाषणाचं रेकॉर्डिंग माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होतं. मी ते लावलं नाही, कारण तालुका पंचायतीचं तिकीट मागायचं मनात होतं.

मागितलं तेव्हा उत्तर आलं, "तू पेपरातला माणूस. तुला घरं कुठं माहीत?"

घरं! कुणाच्या दारात मांडव आहे, कुणाकडे बारावा आहे, श्रद्धांजलीच्या बॅनरवर कुणाचं नाव कुणाच्या वर घ्यायचं, कुठलं गणपती मंडळ कशावरून रुसलंय, सगळं माझ्या वहीत. सांत्वनाला गाडीतून उतरताना गेलेल्या माणसाचं नाव साहेबांच्या कानात मीच सांगायचो. तिकीट पुतण्याला मिळालं. त्याला आजही मतदारसंघातली सगळी गावं सांगता येणार नाहीत, हे मी त्याच्या तोंडावर म्हणायला तयार आहे.

तर परिषद. कर्नाटकात ७५ जागा. २५ आमदारांच्या मतांवर, २५ स्थानिक संस्थांतून, पदवीधर आणि शिक्षक ७-७, राज्यपालनियुक्त ११. स्थानिक संस्थांचा बेळगाव मतदारसंघ डोक्यातून काढून टाका. डिसेंबर २०२१ मध्ये तिथून चन्नराज हट्टीहोळी आणि लखन जारकीहोळी आले. एक आमदार लक्ष्मी हेब्बाळकरांचे भाऊ, दुसरे आमदार रमेश आणि सतीश जारकीहोळींचे. लिहिणाऱ्याला दार उघडतं ते आमदारांच्या मतांवर किंवा नियुक्तीनं, म्हणजे वरच्याच्या मर्जीनं. उद्धव ठाकरेंचे स्वीय सहायक मिलिंद नार्वेकर २०२४ ला महाराष्ट्रात असेच, आमदारांच्या मतांवर, परिषदेवर गेले. अमेरिकेतही तेच: केनेडींचे प्रेस सेक्रेटरी पिअर सॅलिंजर १९६४ ला कॅलिफोर्नियाचे सिनेटर झाले ते नेमणुकीनं, आणि त्याच नोव्हेंबरात लोकांसमोर गेले तर हरले.

म्हणून सांगतो, साहेबांच्या शब्दावर थांबू नका. गावच्या पीकेपीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संघात, संचालक व्हा, तिथून डीसीसी (जिल्हा मध्यवर्ती सहकारी) बँकेपर्यंतची माणसं ओळखीची होतात. बारशाला, बाराव्याला स्वतःच्या नावानं जा. आणि प्रत्येक भाषण रेकॉर्ड करा. कधी लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी मात्र आता पहिल्याच दिवशी लावा म्हणेन.

कन्नड बोलण्यापुरतं तरी हवंच. राज्यघटनेच्या कलम २१० प्रमाणे अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात, पण फाइल कन्नडमध्येच येते. ती वाचून दाखवायला माणूस ठेवलात की साहेब तो.

हे सगळं राष्ट्रीय पक्षांपुरतं. महाराष्ट्र एकीकरण समितीत असाल तर तिकीट मिळूही शकेल, निवडून येणं कठीण: २०१३ ला २ आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. परिषदेला वय ३० पूर्ण लागतं. तुमचा पगार सरकारी तिजोरीतून येत असेल तर अर्ज भरायच्या आधी राजीनामा द्या. पुतण्यांना ही अडचण नसते.