शंका-समाधान : काळ्या दगडातला पांढरा खडा

प्रश्न : विहिरीच्या खोदकामात निघालेल्या काळ्या दगडात पांढरे, काही पारदर्शक खडे सापडले. कुणी गारगोटी म्हणतं, कुणी कॅल्साइट, कुणी झिओलाइट. मोबाइलवरचं ॲप दर फोटोला वेगळं नाव सांगतं. घरी खात्री कशी करायची? (संगमनेर)

ॲपचा फार दोष नाही. त्याला दिसतो फक्त रंग आणि आकार, आणि ही तिन्ही खनिजं (झिओलाइट हा खरं तर खनिजांचा एक गट) पांढरी असू शकतात. तुमचा काळा दगड बेसॉल्ट असणार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि नंतर खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं. त्यामुळे एकाच पोकळीत तिन्ही शेजारी-शेजारी सापडू शकतात. एक खडा ओळखला म्हणून बाकीचे तेच आहेत असं धरू नका.

सुरुवात कठिनतेपासून करा. खड्याची तुटकी, ताजी कड काचेच्या तुकड्यावर दाबून ओढा आणि ओल्या बोटाने पुसा. पुसल्यावरही ओरखडा राहिला, तर ती बहुधा गारगोटी (कठिनता १ ते १०च्या मापात ७, काच साधारण ५.५). पुसलं गेलं, तर ती खड्याचीच पूड होती. नवशिक्याची पहिली फसगत इथे होते. काच मात्र टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका.

काचेवर ओरखडा पडला नाही, तर खडा सुरीच्या टोकाने खरवडून थोडी पूड काढा आणि तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसले तर कॅल्साइट. अखंड खड्यावर व्हिनेगरचा परिणाम इतका मंद असतो की काहीच होत नाही असं वाटतं, म्हणून पूड हवी. कॅल्साइट फुटलं की बाजूला कललेल्या ठोकळ्यांसारखे तुकडे पडतात, कारण त्याला तीन दिशांनी उत्तम पाटन (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याचा गुण) असतं. गारगोटीला पाटन जवळपास नसतंच. ती शिंपल्यासारखी वक्र फुटते.

बुडबुडेही नाहीत आणि काचही ओरखडत नाही, तर झिओलाइटकडे वळा. मधे आवळलेल्या पेंढीसारखे, मोतिया चमकेचे, बरेचदा फिकट गुलाबी स्फटिक म्हणजे स्टिल्बाइट. सुयांचे झुबके दिसले तर बहुधा स्कोलेसाइट. चौकोनी, काचेसारखा लखलखीत आणि वरच्या सपाट तोंडावर मोत्याची झाक असलेला स्फटिक ॲपोफिलाइटचा. काटेकोरपणे ते झिओलाइट नव्हे, पण बसतं त्याच पंगतीला.

तरीही शंका राहिली तर विशिष्ट गुरुत्व मोजा, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या कितीपट जड आहे ते. दगड कोरडा तोला. मग वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबकळत धरा. काटा जे ग्रॅम दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. १३५ ग्रॅमच्या दगडाला ५० ग्रॅम आले तर उत्तर २.७, ६१ आले तर २.२. स्टिल्बाइट २.२च्या आसपास असतं, ॲपोफिलाइट २.३५च्या. कॅल्साइट (२.७१) आणि गारगोटी (२.६५) मात्र या पद्धतीने वेगळ्या काढता येत नाहीत, तिथे काच आणि व्हिनेगरच. दगड तळाला टेकला किंवा त्याला हवेचे बुडबुडे चिकटले, तर काटा जास्त दाखवतो आणि उत्तर कमी येतं. मागे बेसॉल्टचा कपचा राहिला, तर उलट जास्त येतं. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर २० ग्रॅमचा खडा मोजू नका. निदान १०० ग्रॅमचा घ्या.

प्रश्न : शेतात सापडलेला काळा, जड दगड लोहचुंबकाला ओढला जातो. उल्का असेल का? (बारामती)

आपल्याकडे ही चाचणी फारशी कामाची नाही, कारण साध्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. दोऱ्याला टांगलेला जोरदार चुंबक कोणत्याही बांधावरच्या दगडाकडे झुकेल. दगडाला भोकं-भोकं असतील तर उल्केची शक्यता जवळपास संपली; तो बेसॉल्ट किंवा धातू वितळवण्याच्या भट्टीतली मळी. भोकं नसतील तर कोपरा पॉलिश-पेपरवर घासा. राखाडी दगडात चकाकणारे धातूचे कण दिसले आणि विशिष्ट गुरुत्व ३.३च्या वर आलं, तरच विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाची पायरी चढा. बेसॉल्ट सहसा २.८ ते ३ भरतो.

प्रश्न : सावंतवाडीजवळ मिळालेला काळा चमकदार दगड लोहखनिज आहे हे कसं कळेल?

फरशीच्या टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा. कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) लालसर तपकिरी आला तर हेमॅटाइट, काळा आला आणि चुंबक घट्ट चिकटला तर मॅग्नेटाइट. पृष्ठभाग कितीही काळा असला तरी हेमॅटाइटचा कस लालसरच येतो.

प्रश्न : स्फटिकांवरचा डाग काढायला बाथरूमचं ॲसिड चालेल का? (जळगाव)

नाही. कॅल्साइट विरघळेल, ॲपोफिलाइटची चमक जाईल, स्कोलेसाइटचा पृष्ठभाग चिकट होऊन बिघडेल. साधं पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश पुरे. सुयांच्या झुबक्यांना ब्रशही लावू नका, नुसत्या पाण्यात हलवा.