सीएमएमवर प्रोब कॅलिब्रेशनला एरर येतो आणि सिम्युलेशनमध्ये नीट चाललेला प्रोग्रॅम मशिनवर धडकतो, नेमकं काय तपासायचं?

सीएमएम म्हणजे प्रोबच्या टोकाने जॉबला स्पर्श करून मापं घेणारं मशिन. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की प्रोब कॅलिब्रेट करताना, म्हणजे ठाऊक व्यासाच्या गोलाला (मास्टर बॉल) स्पर्श करून टिपचा व्यास आणि जागा ठरवताना, स्टँडर्ड डेव्हिएशन मर्यादेबाहेर जातं, आणि कधी पास झालंच तर दोन अँगलनी घेतलेली मापं एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी, ऑफलाइन (मशिनशिवाय, नुसत्या पीसीवर) सुरळीत चाललेला प्रोग्रॅम मिरज एमआयडीसीतल्या तुमच्या मशिनवर क्लॅम्पला जाऊन धडकला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू का, असं विचारलंय. टाकू नका, दिवस वाया जाईल. मी कुपवाडला एका मशिन शॉपच्या स्टँडर्ड रूममध्ये बसतो. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: सॉफ्टवेअरला माहीत असलेला प्रोब वेगळा आणि हेडला, म्हणजे प्रोब धरून फिरवणाऱ्या भागाला, लटकलेला प्रोब वेगळा.

कॅलिब्रेशन झालं की हिरवी खूण बघून पुढे जायची सवय आधी मोडा. निकालात टिपचा व्यास आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, स्पर्श गोलापासून किती विखुरले ते) असे दोन आकडे येतात, आणि दोघांचं दुखणं वेगळं असतं.

व्यासाचं बघू. २ मिमीची रूबी (स्टायलस या बारीक दांडीच्या टोकाचा लाल गोळा, हीच टिप) लावली तर टच ट्रिगर प्रोबवर निकाल २ पेक्षा थोडा कमी येतो. रूबी टेकल्यावर स्टायलस किंचित वाकतो आणि मग सिग्नल जातो, तोवर मशिन थोडं पुढे गेलेलं असतं. ते पुढे जाणं व्यासातून वजा होतं, म्हणून कमी आलेला आकडा बरोबरच आहे. तो कुणी हाताने २.००० करत असेल तर त्याचा हात धरा. यामुळेच कॅलिब्रेशन आणि मोजमाप दोन्ही एकाच टच स्पीडला करायचं असतं. स्पीड बदलला की पुढे जाणंही बदलतं.

व्यास २ पेक्षा जास्त आला तर मात्र थांबा. मास्टर बॉलवर किंवा रूबीवर घाण असेल, यादीतून दुसराच स्टायलस निवडलेला असेल, किंवा मास्टर बॉलचा व्यास चुकीचा भरलेला असेल. शेवटचं कारण फार चिवट असतं, आणि आकडा कुठल्या बाजूला चुकलाय त्यावर टिप मोठी किंवा लहान येते. बॉल सर्टिफिकेशनला जाऊन येतो, नवं सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच आकडा राहतो. सर्टिफिकेटवर २४.९९८७ आणि सॉफ्टवेअरमध्ये सरळ २५ असेल तर टिप १.३ मायक्रॉनने लहान धरली जाते. मग प्रत्येक बोअर तेवढा लहान दिसतो आणि प्रत्येक शाफ्ट तेवढा मोठा. ओळखायची खूण हीच: रिंग गेज (ठाऊक व्यासाची कडी) आणि स्लिप गेज (ठाऊक जाडीचा ठोकळा) दोन्ही मोजा. दोघांची चूक उलट दिशेला आणि साधारण सारखी असेल तर दोष टिपच्या व्यासात आहे. दोन्ही एकाच बाजूला सरकले तर तापमान किंवा मशिनची स्केल बघायला घ्या.

आता एसडी. गोलाला चार अज्ञात असतात, केंद्राचे एक्स, वाय, झेड आणि त्रिज्या. म्हणून चार स्पर्शांत कॅलिब्रेशन केलं तर एसडी नेहमी शून्यच येणार, बॉलवर चिखल असला तरी. पाच स्पर्शांतही फार काही कळत नाही. वेळ वाचवायला कुणीतरी स्पर्श कमी करून ठेवलेले असतात आणि सगळे खूश असतात. बारा घ्या, वेगवेगळ्या उंचीवर पसरून. आयएसओ १०३६० या सीएमएम तपासायच्या मानकामध्ये प्रोबची चाचणी गोलावर २५ स्पर्श घेऊन करतात, ते उगाच नाही.

बारा स्पर्शांवर एसडी वाढला तर पहिल्यांदा भिंग घ्या. आपल्याकडे बिडाचं काम जास्त, पंपाच्या केसिंग, बेअरिंग हाउसिंग. बिडाची काळी भुकटी रूबीवर बसते आणि नुसत्या डोळ्यांना रूबी लालच दिसते. भिंगाखाली रूबीच्या मध्यावर राखाडी पट्टा दिसतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घेऊन पुसा. कापडावर काळी रेघ उमटली की अर्धं उत्तर मिळालं. अंगावरच्या टी-शर्टने पुसू नका, हे सांगावं लागतं. ॲल्युमिनियमवर स्कॅनिंग (टिप जॉबवरून सरकवत मोजणं) करत असाल तर तिथे धातू रूबीला चिकटतो आणि पुसून जात नाही. त्या कामाला सिलिकॉन नायट्राइडची टिप वापरतात, आणि बिडाच्या स्कॅनिंगला झिरकोनियाची.

पुसूनही फरक नसेल तर स्टायलस ढिला आहे का बघा. एम२ चा आटा असतो, तो किल्लीच्या पिनेने नीट आवळा, पण जोर लावू नका. मग मॅग्नेटवर बसणाऱ्या मॉड्यूलची, म्हणजे स्टायलस धरणाऱ्या प्रोबच्या भागाची, बैठक. तिथे अडकलेला एक कणही प्रोब दरवेळी थोडा वेगळा बसवतो. मग मास्टर बॉलचा दांडा आणि बूड हाताने हलवून बघा. बॉल टेबलावर घट्ट नसला तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

एवढ्याने एसडीचा प्रश्न सहसा मिटतो. अवघड भाग पुढे आहे, एसडी उत्तम आणि तरी दोन अँगल जुळत नाहीत तो.

पीसी-डीएमआयएस या सीएमएमच्या सॉफ्टवेअरवर कॅलिब्रेशन सुरू करताना एक प्रश्न येतो: क्वालिफिकेशन टूल (म्हणजे मास्टर बॉल) हलवलं आहे का, किंवा मशिनचा झीरो बदलला आहे का? इतर सॉफ्टवेअरमध्ये शब्द वेगळे, गोष्ट तीच. या प्रश्नाला बेफिकीरपणे दिलेल्या उत्तरामुळे जेवढे जॉब विनाकारण रिजेक्ट होतात तेवढे खराब रूबीमुळेही होत नसावेत. ‘हो’ म्हटलं की सॉफ्टवेअर बॉलची जागा हातातल्या टिपवरून नव्याने ठरवतं. ‘नाही’ म्हटलं की जुनी जागा खरी मानून टिपची जागा ठरवतं. म्हणून बॉल उचलून परत ठेवला असेल तर ‘हो’ एकदाच म्हणायचं, तेही मास्टर टिपवर, म्हणजे साधारण ए० बी० च्या सरळ टिपवर (ए आणि बी हे हेड फिरायचे दोन अँगल). नंतर उरलेल्या सगळ्या टिपांना ‘नाही’. मधेच एखाद्या आडव्या टिपला ‘हो’ म्हटलं तर ती टिप बाकीच्यांपासून तुटते. तिचा स्वतःचा एसडी चांगलाच येतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. उलटं केलंत, म्हणजे बॉल हलवून ‘नाही’ म्हणालात, तर प्रोब जुन्या जागी जाऊन हवेत शोधत राहतो किंवा थेट दांड्यावर आदळतो.

तुटलेली टिप कशी दिसते ते सांगतो. बेअरिंग हाउसिंगचे समोरासमोरचे दोन बोअर घ्या. एक ए९० बी० ने मोजला, दुसरा ए९० बी१८० ने. दोन्ही व्यास अगदी बरोबर, गोलाईही बरोबर, पण कोॲक्सिॲलिटी (दोन बोअरचे अक्ष एका रेषेत आहेत का ते माप) ८० मायक्रॉन. कोॲक्सिॲलिटी व्यासावर मोजतात, म्हणजे केंद्र फक्त ४० ने सरकलंय. अशा वेळी बोरिंग मशिनवाल्याला बोलावून भांडण सुरू होतं आणि दोन पाळ्या त्यातच जातात. त्याआधी एवढं करा: मास्टर बॉल हा साधा जॉब समजून प्रत्येक टिपने मोजा आणि केंद्राचे एक्स, वाय, झेड शेजारी शेजारी लिहा. बॉल तोच आहे, म्हणजे केंद्र काही मायक्रॉनच्या आत एकच यायला हवं. एखादी टिप वेगळी पडली की चोर सापडला. मी तर नव्या माणसाला कॅलिब्रेशनच्या निकालापेक्षा हाच कागद रोज दाखवायला सांगतो.

तापमानाचं थोडक्यात. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३२ अंशांवरचा २०० मिमीचा जॉब जवळपास २८ मायक्रॉन मोठा असतो. ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. सांगलीच्या एप्रिलमध्ये रात्री बिल वाचवायला एसी बंद आणि सकाळी आठला चालू करून साडेआठला कॅलिब्रेशन, असं चालत असेल तर त्या दिवशीच्या आकड्यांवर मी सही करणार नाही.

आता धडकेकडे येऊ. सिम्युलेशनला तुम्ही जे दिलंत तेवढंच दिसतं. जॉबचं मॉडेल दिलं, फिक्स्चरचं दिलं नाही, तर क्लॅम्पचा बोल्ट त्याच्या दृष्टीने हवा आहे. फिक्स्चरचं मॉडेल नसेल तर निदान क्लॅम्पच्या जागी त्या उंचीचे साधे ठोकळे काढून ठेवा. दुसरं कारण पुन्हा तेच, प्रोब. ऑफलाइन पीसीवर २० मिमीचा स्टायलस, मशिनवर मधे ५० चं एक्स्टेन्शन. तिसरं, हेड फिरतानाचा घेर. पीएच१० सारखं हेड ए९० वर जाताना लांब स्टायलसचं टोक मोठी कमान काढतं, म्हणून अँगल बदलायची जागा जॉबच्या वर, मोकळ्यात द्या. क्लिअरन्स प्लेनवर (प्रोबने मोकळेपणी सरकायची ठरवलेली पातळी) विसंबू नका, अँगल बदलल्यावर प्लेनची बाजूही बदलावी लागते. आणि स्क्रीनवर डावीकडे वळणारं हेड मशिनवर उजवीकडे वळत असेल तर बी० ची दिशा सॉफ्टवेअरमध्ये उलटी भरलेली आहे.

उलट तक्रारही असते, काही अडथळा नसताना सिम्युलेशन लाल दाखवतं. तिथे मॉडेल इंचात आलंय का बघा, २५.४ पटीचा जॉब टेबलाबाहेर जाणारच. किंवा मॉडेल मशिनच्या टेबलावर नेमकं कुठे ठेवायचं हे सांगायचं राहिलेलं असतं.

ऑफलाइन रिपोर्टमध्ये सगळी डेव्हिएशन शून्य येतात त्यावर जाऊ नका. तिथे मोजलेलं काहीच नाही, ड्रॉइंगचेच आकडे परत आलेत. ऑफलाइन कॅलिब्रेशनही नाममात्र. म्हणून प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून मशिनच्या पीसीवर आणताना प्रोबची फाइल सोबत आणून जुन्या फाइलवर टाकू नका. कॅलिब्रेट केलेल्या टिपांच्या जागी कागदी टिपा बसतील आणि पुढचा जॉब त्यांनीच मोजला जाईल. तुमच्या मशिनवर पास झाल्यानंतरही अँगल जुळत नाहीत, त्याचं कारण हेही असू शकतं. फाइलची तारीख बघा, लगेच कळेल.

पहिला जॉब १० टक्के स्पीडला चालवा, अंगठा स्टॉपवर ठेवून, आणि प्रत्येक अँगल बदलताना स्क्रीनकडे न बघता प्रोबकडे बघा. एवढं सगळं करूनही एसडी उतरत नसेल तर दुसरं मॉड्यूल लावून बघा, मग हवेचं प्रेशर आणि फिल्टरमधलं पाणी. त्यानंतरच सर्व्हिसवाल्याला फोन करा, आणि करताना प्रत्येक टिपचा व्यास, एसडी आणि बॉलच्या केंद्राचे आकडे त्याला आधीच पाठवा, नाहीतर पहिली व्हिजिट तो तेच काढण्यात घालवेल.