जास्वंदीला खत नको, कात्री लावा

ताई, घोडबंदर रोड, सातवा मजला, साडेचार फूट जास्वंद, खाली नुसत्या काड्या, टोकाला सात-आठ पानं, आणि झाड ग्रिलबाहेर वाकलेलं. विचारताय काय, तर कुठलं खत घालू? आत्ता कुठलंच नको.

हा उद्योग मी करून बसले आहे. नौपाड्यातल्या घरी असंच झाड होतं. नर्सरीवाल्याने पुडीत पांढरे दाणे बांधून दिले, युरियाच असणार. पंधरा दिवसांत हातभर लांब, लुसलुशीत फांद्या. सासूबाई खूश! पण कळी एकही नाही, आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण येऊन बसला. मुळात ऊन कमी असताना नत्र (युरियात तेच असतं) दिलं की झाड नुसतं लांबत जातं, अंग धरत नाही.

म्हणून आधी ऊन बघा. दुपारी कुंडीवर हात धरा. सावलीत बोटं वेगवेगळी, स्पष्ट दिसली तर ठीक. नुसता अंधुक डाग दिसला तर जास्वंद तिथे उपाशी आहे. तिला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. गॅलरी उत्तरेकडे असेल तर ऑक्टोबर ते मार्च थेट ऊन मिळतच नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, पण त्यातले निम्मे दिवस ढगातच जातात. अशा गॅलरीत आबोली लावा, ती थोडी सावली चालवून घेते. जास्वंद मात्र हॉलच्या खिडकीत हलवा. सोसायटीने हिरवी जाळी लावायला लावली असेल तर तेही एक कारण असू शकतं.

आता कात्री. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या बारीक फुगवट्यांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. तुमच्या काड्यांवर जुनी पानं गळल्याच्या खुणा दिसतील, तिथेच हे डोळे असतात. काडी जिवंत आहे का, ते नखाने साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर बिनधास्त कापा. कात्री डेटॉलने नाहीतर स्पिरिटने पुसून, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर, तिरका काप. आतल्या डोळ्यावर कापलंत तर फांदी आत घुसते आणि गुंता होतो.

पण सगळं झाड एका दिवशी बोडकं करू नका. खाली एकही पान नाहीये, म्हणून आज निम्म्याच फांद्या साधारण एक तृतीयांश कापा. त्यांना कोंब फुटले की उरलेल्या. पाऊस संपलाय, ऑक्टोबरचं ऊन आहे, वेळ चांगली आहे. मी एकदा जुलैच्या झडीत छाटणी केली होती. काप काळा पडला आणि ती काळी रेघ रोज बोटभर खाली सरकत गेली. शेवटी बुंध्याजवळ कापावं लागलं.

छाटल्यावर पाणी कमी करा, पानंच नाहीत तर ते प्यायचं कोणी? कोंब दोन-तीन इंच झाले की मूठ-दोन मूठ गांडूळखत. कोंबावर चार-पाच पानं आली की शेंडा नखाने खुडा. इथे जीव कासावीस होतो, पण एकाच्या दोन फांद्या होतात. फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे नुकसान नाही, नुसता उशीर. माघी गणपतीला फुलं मिळायला हरकत नाही. कुंडी आठवड्याला पाव वळण फिरवायची, नाहीतर पुन्हा तीच एका बाजूची मान.

मोगऱ्याचंही विचारलंत. त्याला आत्ता हात लावू नका. जानेवारीअखेर थोडे दिवस पाणी तोडून ताण द्या, मग छाटा. त्याच्या कळ्या उन्हाळ्याच्या.

आणि कापलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या निवडा, खालची पानं काढा, वाळू-कोकोपीटमध्ये दोन डोळे पुरतील एवढ्या खोचा आणि सावलीत ठेवा. उलटी मात्र खोचू नका, मी खोचली होती.