सातबाऱ्यावरचं नाव आणि पेटीतला दस्त

प्रश्न : बाई, मी कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याची कलमं पाठ होतात, पण परीक्षेत 'अ'ने 'ब'ला शेत दिलं अशी गोष्ट आली की माझा गोंधळ उडतो. त्यात घरी वडील म्हणतात, सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपली. वर्गात सर म्हणतात, तसं नसतं. सुरुवात कुठून करू? कलम १३ आणि १४ तर डोक्यावरूनच जातात.
– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : सुरुवात घरातल्या पेटीपासून कर. माझी तिथूनच झाली.

माझ्या आजोबांनी १९५१ साली आत्याच्या लग्नासाठी ओढ्याकाठचं शेत एका सावकाराला लिहून दिलं. घरात सगळे त्याला 'गहाण' म्हणायचे. आजोबा सहाव्या वर्षी पैसे घेऊन गेले, तर सावकार म्हणाला मुदत टळली. जमीन गेली ती गेलीच. सावकारानं गहाण जमीन लाटली, हे ऐकतच मी मोठी झाले. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला गहाणाचं कलम ५८ शिकताना मी वडिलांकडून ते कागद मागून घेतले. घडीवर चिरलेले दोन कागद होते. एकावर साधं खरेदीखत, खाली आजोबांची मोडीतली सही. दुसरा त्याच तारखेचा, त्याच हातचा : पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन उलट लिहून देईन, असा करार.

आता कलम ५८ (क) काढ. शर्तीची विक्री, आपण जिला मुदतखरेदी म्हणतो, ती गहाण ठरू शकते. पण १९२९च्या दुरुस्तीनं त्याला एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, जोडलं : परत देण्याची शर्त विक्रीच्याच दस्तात हवी, नाहीतर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. आजोबांची शर्त दुसऱ्या कागदावर होती. गहाण असतं तर पाच वर्षं उलटली तरी सोडवून घेण्याचा हक्क कलम ६०नं शाबूत राहिला असता. करारात काहीही लिहून तो हिरावता येत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण, हे तत्त्व तू वाचलं असशीलच. इथं मात्र विक्री झाली होती आणि हाती उरला होता फक्त मुदतीचा करार. त्या रात्री मी वडिलांना हे समजावून सांगितलं. ते बराच वेळ दुसऱ्या कागदाकडेच बघत होते. शर्त एकाच कागदावर असती तर निदान कोर्टात उभं राहायला जागा होती. (शर्त त्याच दस्तात असली म्हणजे आपोआप गहाण होतं असंही नाही; पक्षकारांचा हेतू बघतात. उत्तरात हे वाक्य विसरू नकोस.)

म्हणून गोष्ट समोर आली की 'जमीन कोणाची' असं आधी विचारू नकोस. कोणता हक्क, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या कागदानं गेला, हे विचार. शेत एकच, पण मालकी एकाची, ताबा कुळाचा, गहाणाचा बोजा बँकेचा आणि बांधावरून जायची वहिवाट शेजाऱ्याची असू शकते. 'अ' आणि 'ब'च्या जागी गावातली माणसं बसव.

वडिलांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, हे त्यांना आदरानं सांग. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या कागदातली, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण ती नोंद मुळात महसुलासाठी. फेरफारानं, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीनं, मालकी जन्माला येत नाही. आधी खरेदी, वाटणी किंवा वारसा घडतो, मग तलाठ्याकडे नोंद होते. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री कलम ५४ नुसार नोंदणीकृत दस्तानंच होते. साठेखतानं, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या करारानं, जमिनीत हक्क येत नाही, हेही त्याच कलमात आहे. बक्षीसपत्र असेल तर कलम १२३ : नोंदणी हवी आणि किमान दोन साक्षीदार हवेत, मग किंमत कितीही असो. मृत्युपत्र या कायद्यात शोधू नकोस. कलम ५ मधलं हस्तांतरण जिवंत माणसानं करायचं असतं. मृत्युपत्राचा अंमल माणूस गेल्यावर सुरू होतो.

तुझ्या तासगावात द्राक्षबागा आहेत, तर कलम ३ बागेत उभी राहून वाच. त्यात स्थावर म्हणजे काय ते सांगितलेलं नाही; इमारती लाकडाची उभी झाडं, उभं पीक आणि गवत हे त्यात येत नाही, एवढंच आहे. मग फळांसाठी राखलेला आंबा? तो स्थावर. तोडायला आलेला साग? तो जंगम. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या शांताबाईंच्या खटल्यात पतीनं बायकोला जंगलात जाऊन लाकूड तोडण्याचा हक्क काही वर्षांसाठी दिला होता, दस्त मात्र नोंदवलेला नव्हता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी झाड आणि इमारती लाकूड यांतला फरक तिथं फार सुंदर उलगडला आहे : झाड जमिनीतून पोषण घेत पुढेही उभं राहायचं आहे, की लवकरच तुटायचं आहे? गाईडमधल्या चार ओळींवर भागवू नकोस, मूळ निकाल वाच.

कलम १३ आणि १४ला घाबरतेस, पण त्यांना एकच कुटुंब पुरतं. आजोबांना घर अजून न जन्मलेल्या नातवाला द्यायचंय. थेट देता येत नाही, कारण घ्यायला माणूसच नाही. म्हणून आधी मुलाला हयातभर राहायला द्यायचं, त्यानंतर नातवाला. मात्र नातवाला उरलेला सगळा हक्क द्यावा लागतो. 'त्यानंही फक्त हयातभर राहावं' असं लिहिलं की नातवाचं देणं रद्द. हे झालं १३. आणि १४ सांगतं की असं किती काळ लांबवता येईल : हयात असलेल्यांच्या आयुष्यापुरतं, आणि त्यानंतर येणाऱ्याच्या अज्ञानपणापर्यंत, म्हणजे तो वयानं सज्ञान होईपर्यंत. कागदावर तीन चौकोन काढ, आजोबा, मुलगा, नातू, आणि बाण दाखव. माझ्या विद्यार्थ्यांना हे एका तासात कळायचं.

पेटीत कागद नसले तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून घराण्यातल्या एखाद्या जुन्या दस्ताची नक्कल काढ. चतुःसीमा वाच, मग मोबदला, मग ताबा कधी दिला ते, आणि प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं कलमाचा आकडा लिही. वडिलांनाही शेजारी बसव. चतुःसीमेतली शेजाऱ्यांची नावं तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखीची असतील.