आंबा पॅकिंगला १२ माणसं आहेत, पण टीम काही जमत नाही. काय करावं?

बाराही जणांना एकच काम दिलंत तर नुसती गर्दी होईल. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं आणि १९१३ मध्ये छापलं: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो. आपल्याकडे मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढतानाही दोरच असतो, पण तिथे मिळालेल्या माशांत प्रत्येकाचा वाटा असतो. हात सैल सोडलाच, तर शेजारचा ऐकवतो!

तेव्हा तीन-चार जणांचे गट करा. प्रतवारी कोणाची, पेटी भरणं कोणाचं हे ठरवा, पेटीवर गटाची खूण घाला. आणि डागी फळ चुकून गेलं असं कोणी स्वतःहून सांगितलं तर ओरडू नका. मी एका हंगामात ओरडलो, तर डागी आंबे पेटीच्या तळाशी जायला लागले.